‘आज नेहमीसारखे नाही’ : बाळाचा स्वभाव, मातेचे निरीक्षण आणि वैद्याची परीक्षा

काश्यपसंहितेच्या संहिताकल्पाध्यायात वृद्धजीवकाची कथा आली आहे. ऋचीकपुत्र जीवक तेव्हा अवघा पाच वर्षांचा होता. कश्यपांनी उपदेशिलेले तंत्र त्याने संक्षेपाने मांडले. परंतु हे बालकाचे बोल आहेत, या एकाच कारणास्तव ऋषींनी त्याचा स्वीकार केला नाही. तेव्हा सर्वांसमक्ष जीवकाने कनखल येथे गंगेच्या डोहात बुडी घेतली आणि क्षणार्धात अंगावर वळ्या पडलेला, पिकल्या केसांचा होऊन तो वर आला. ऋषी विस्मित झाले, त्यांनी त्यास वृद्धजीवक हे नाव दिले आणि त्याचे तंत्र मान्य केले. कौमारभृत्याच्या या प्रमुख ग्रंथाचे नेपाळमध्ये सापडलेले त्रुटित हस्तलिखित पंडित हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून प्रसिद्ध झाले, हे आपणा सर्वांस ज्ञात आहेच.

ही कथा वाचताना दर वेळी मनात येते की, बालकाचे म्हणणे बालकाच्या तोंडून कोणी ऐकून घेत नाही, ही अडचण किती जुनी आहे! पाच वर्षांच्या जीवकाची ही अवस्था, तर पाच महिन्यांच्या अर्भकाची काय कथा? त्याला वृद्ध होऊन डोहातून वर येता येत नाही. त्याचे म्हणणे वैद्यापर्यंत पोहोचविणारी एकच व्यक्ती असते, ती म्हणजे त्याला अहोरात्र पाहणारी माता. परंतु चिकित्सालयात माता बोलू लागली की आपण पुष्कळदा ते वात्सल्यापोटी केलेले कौतुक समजून कानाआड करतो. हे कौतुक म्हणजे खरे पाहता बालरुग्णाच्या परीक्षेचा पहिला कागद आहे, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

मुळशी तालुक्यातील पौड येथे माझा चिकित्साव्यवसाय आहे. खाली चिकित्सालय व यजमानांचे औषधालय आणि वर आमचे घर. धाकटी कन्या नुकतीच एक वर्षाची झाली. तिच्या जन्मापासून एका साध्या वहीत तिच्या सवयींची नोंद ठेवीत आले आहे. त्यातील काही नोंदी येथे देत आहे. त्यांत आईचे कौतुक डोकावेल. वाचकांनी ते गोड मानून घ्यावे.

वर्षा ऋतूतील बाळ

कन्येचा जन्म ज्येष्ठाच्या अखेरचा. मुळशीचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना आषाढातील ताम्हिणीकडून येणाऱ्या सरींविषयी वेगळे सांगावयास नको. आमच्या मागील पडवीवर पत्रा आहे. पावसाचा जोर वाढला की त्या पत्र्याचा आवाज एवढा होतो की शेजारी बसलेल्या माणसाशी मोठ्याने बोलावे लागते. महिन्याभराची ही चिमुरडी त्या आवाजात निर्धास्त झोपत असे आणि सर ओसरून शांतता झाली की तत्काळ डोळे उघडीत असे. पहिल्या काही दिवसांत आम्ही तिच्या झोपेसाठी दारे-खिडक्या लावून घेत होतो. पुढे लक्षात आले की हिला शांतता नव्हे, आवाज हवा आहे.

तिला तेल लावून न्हाऊ घालावयास कोळवण खोऱ्याकडील एक आजी येत. त्यांनी ही गोष्ट आमच्याही आधी ओळखली होती. तिसऱ्याच दिवशी त्या म्हणाल्या, “बाई, हिला पान्यापरीस पान्याच्या आवाजाचं येड हाये. आदी घंगाळात तांब्या वाजवायचा, मंग अंगावर वतायचं.” त्याप्रमाणे केल्यावर स्नानाच्या वेळचे रडणे थांबले. आजींनी कोणताही ग्रंथ वाचलेला नाही. परंतु शेकडो अर्भके त्यांच्या पायांवरून गेली आहेत आणि प्रत्येकाचे काहीतरी निराळे असते, हे त्यांच्या हातांना पाठ आहे.

आश्विनात पाऊस थांबला, तेव्हा आठ-दहा दिवस कन्येची झोप विस्कळीत झाली. पोट मऊ, मलप्रवृत्ती नित्याची, स्तनपान उत्तम, ज्वर नाही. बाहेर एकच गोष्ट बदलली होती, ती म्हणजे पत्र्यावरचा आवाज. हळूहळू तिला त्याचीही सवय झाली. या अनिद्रेवर औषधाची आवश्यकता नव्हती; परंतु तिचे ‘नेहमीचे’ ठाऊक नसते, तर कोणतेही औषध देता आले असते आणि दहाव्या दिवशी त्याला यशही मिळाले असते.

त्रिविध परीक्षा करणारे अर्भक

साधारण पाचव्या महिन्यात, भातकापणीच्या दिवसांत, घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ होती. कोणी नवीन माणूस समोर आला की ही प्रथम हसत नसे, रडतही नसे. भुवया किंचित उंचावून, अगदी स्थिर नजरेने ती त्याच्या मुखाकडे पाहत राही. हे दर्शन पुरेसे झाले की हात पुढे करून त्याचे नाक किंवा चष्मा चाचपून पाही. त्यानंतर “अं?” असा एक चढा स्वर काढी. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न! यजमान थट्टेने म्हणत, “घरात आता दोन वैद्य झाल्या, मात्र धाकटीची परीक्षा अधिक काटेकोर आहे.” या तिन्ही पायऱ्या पूर्ण झाल्यावरच तिचे ते दंतहीन, मनमोकळे हास्य मिळे. कोणी घाईने उचलून घेतले, की परीक्षा अर्धवट राहिल्याच्या रागाने ती आक्रोश करी.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात बाळाला सुख होईल अशा रीतीने धरावे, त्याला दरडावू नये, एकाएकी झोपेतून उठवू नये, अकस्मात ओढू किंवा वर उचलू नये, असे सांगितले आहे. विद्यार्थिदशेत ही सूत्रे आपण गुणांसाठी पाठ करतो. आज चिकित्सालयात बाळ आले की प्रथम त्याला मातेच्या मांडीवरच राहू द्यावे, त्याची आपल्याला पाहण्याची परीक्षा पूर्ण होऊ द्यावी आणि मग आपण हात पुढे करावा, असा क्रम मी ठेवला आहे. रडत्या बाळाचे उदर तपासणे आणि शांत बाळाचे उदर तपासणे, यांतील अंतर व्यवसायबंधूंना सांगावयास नको.

वेदनाध्याय आणि उजवा कान

काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानातील वेदनाध्याय हा जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात मोलाचा ठरावा असा भाग आहे. जे बोलू शकत नाही त्याला कोठे दुखते हे त्याच्या वागण्यावरून कसे ओळखावे, याची तेथे अवयवनिहाय आणि व्याधिनिहाय मांडणी आहे. शिरःशूलात बाळ डोके फार हलविते, डोळे मिटून घेते, रात्री कण्हते. उदरशूलात ते स्तन सोडून रडते, उताणे होते, पोट ताठरते आणि मुखावर घाम येतो. कर्णवेदनेत ते हातांनी कानांना स्पर्श करते, डोके जोराने फिरविते, अस्वस्थ राहते, त्याची स्तन्याची इच्छा जाते आणि त्याला झोप लागत नाही.

आमच्या कन्येला झोप आली की ती उजव्या हाताने उजवा कान चोळते. चौथ्या महिन्यापासूनची ही सवय. प्रथम मंद, मग जोराने, आणि अखेरीस कानाची पाळी मुठीत धरून ती झोपी जाते. केवळ पहिल्या लक्षणावर बोट ठेवणाऱ्या वाचकाला येथे कर्णवेदना दिसेल. परंतु कश्यपांनी येथे एकटे लक्षण सांगितलेले नाही. लक्षणांचा समुच्चय सांगितला आहे. कान चोळणारे, पोटभर पिणारे आणि स्वस्थ झोपणारे बाळ रुग्ण नव्हे.

पौषात, सात महिन्यांची असताना, तिला प्रतिश्याय झाला. तिसऱ्या दिवशी सायंकाळी तिने कानाला हात लावला. मात्र तो डावा होता. वेळ झोपेची नव्हती. स्तनपान सुरू केले की दोन घोट घेऊन ती तोंड वळवी आणि डोके उशीवर इकडून तिकडे फिरवी. अनोळखी माणसाला निरखून पाहण्याचा तिचा नित्याचा खेळही त्या दिवशी बंद होता. रात्र होण्यापूर्वीच आम्ही तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. कर्णदर्शक यंत्राने पाहता डाव्या कानाचा पडदा लाल व फुगलेला आढळला. योग्य उपचार मिळून काही दिवसांत ती पूर्ववत झाली आणि पुन्हा उजवा कान धरून झोपू लागली.

या प्रसंगात वेदनाध्याय उपयोगी पडला, हे खरेच. परंतु तो उपयोगी पडण्यासाठी आधी उजव्या कानाची सवय माहीत असणे आवश्यक होते. विकृती ही प्रकृतीच्या तुलनेतच कळते. ग्रंथ आपल्याला रोगाची लक्षणे देतो. या विशिष्ट बाळाची प्रकृतावस्था मात्र कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही. ती मातेपाशी असते.

एकाच घरातील दोन स्वभाव

आमचा थोरला चिरंजीव आता सहा वर्षांचा आहे. माता-पिता तेच, घर तेच, गाव तेच, पहिला आहारही तोच, म्हणजे आंबेमोहोराची मऊ पेज आणि चमचाभर साजूक तूप. पण तो हेमंतात जन्मलेला आणि ही वर्षेत. तो लहान असताना भांडे पडले तरी दचकून उठे. ही पत्र्याखाली झोपते. त्याला भूक लागली की क्षणाचा विलंब खपत नसे. ही आधी मूठ चोखते, मग कुरकुरते, मग रडते, म्हणजे तीन वेळा सूचना देऊन मगच मोर्चा काढते. तो आठव्या महिन्यात हात-गुडघ्यांवर घरभर रांगला. ही रांगलीच नाही. बसल्या बसल्या एक पाय पुढे टाकून, बैठकीवर सरकत ती देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत प्रवास करीत असे आणि अकराव्या महिन्यात थेट भिंत धरून उभी राहिली.

शेजारपाजारी याविषयी चिंता व्यक्त झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या बालविकास मानकांत हात-गुडघ्यांवर रांगण्याचा काळ ५.२ ते १३.५ महिने, तर आधाराविना चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने दिला आहे. या अभ्यासातील ४.३ टक्के बालके हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. म्हणजे निसर्गाने प्रत्येक टप्प्यासाठी एकच तारीख नव्हे, चांगली प्रशस्त खिडकी ठेवली आहे. खिडकीबाहेर गेलेल्या बाळाची तपासणी अवश्य व्हावी. खिडकीच्या आतील बाळाची शेजारच्या बाळाशी तुलना मात्र होऊ नये.

चरकाचार्यांनी इंद्रियस्थानाच्या प्रथम अध्यायात प्रकृती ठरविणारे भाव सांगताना जाती, कुल, देश, काल आणि वय यांबरोबर ‘प्रत्यात्मनियता’ असा अखेरचा प्रकार सांगितला आहे. सारे काही समान असूनही जे त्या एकट्या जीवाचेच असते, ते हे. दोन अपत्ये वाढविलेल्या कोणत्याही मातेला या शब्दाचे भाष्य करून सांगावे लागत नाही.

अलीकडे पालक सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन येतात आणि “हिची प्रकृती कोणती, ते सांगा,” असा आग्रह धरतात. येथे आपण संयम पाळावा असे वाटते. बाल्यावस्था ही स्वभावतः कफप्रधान. गुटगुटीत अंग, स्निग्ध त्वचा, दीर्घ निद्रा ही वयाची लक्षणे आहेत. ती व्यक्तीची प्रकृती म्हणून कागदावर लिहिली तर वयालाच व्यक्ती समजल्यासारखे होईल. शिवाय एकदा “पित्ताची आहे” असे सांगितले की तिच्या प्रत्येक रडण्याला तेच कारण लावले जाते आणि पाहणे थांबते. त्याऐवजी बाळाचे वागणे नोंदवून ठेवावे. प्रकृतीचा निर्णय सावकाश होऊ द्यावा.

न्यूयॉर्क येथे १९५६ साली अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने अर्भकांच्या स्वभावाचा दीर्घकालीन अभ्यास आरंभिला. त्यांनी आधार घेतला तो मातापित्यांनी सांगितलेल्या दैनंदिन तपशिलांचाच. बाळ किती हलते, झोप-भूक किती नियमित, नवीन गोष्टीकडे झेपावते की मागे सरते, यांसारख्या नऊ अंगांनी त्यांनी स्वभावाचे वर्णन केले. “बाळ हट्टी आहे” असे मत त्यांना नको होते. बाळाने नेमके काय केले, हे हवे होते. आपणही मातेला प्रश्न विचारताना हाच दंडक पाळावा.

खेळणी आणि बोरन्हाण

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, बाळाची खेळणी कशी असावीत हे सांगितले आहे. ती रंगीबेरंगी, आवाज करणारी, मनोहर, हलकी, टोक बोथट असलेली, मुखात न जाणारी, प्राणाला धोका न पोहोचविणारी आणि भय न वाटणारी असावीत. आजच्या कोणत्याही सुरक्षा नियमावलीने मान डोलवावी अशी ही यादी आहे. आमच्या कन्येने त्यात आपली एक अट घातली आहे : वस्तू घरातील मोठ्या माणसांच्या वापरातली असावी. विकत आणलेला खुळखुळा दोन दिवसांत मागे पडला. लाटणे, वाटी आणि यजमानांच्या दुकानातील रिकामा पुठ्ठ्याचा खोका यांचे राज्य अजून चालू आहे. नवव्या महिन्यात चमचा खाली टाकणे, तो कोणी उचलून देताच पुन्हा टाकणे आणि वाकून त्याच्याकडे पाहणे, हा उद्योग सुरू झाला. जाँ पियाजे या स्विस अभ्यासकाने आपल्या तीन अपत्यांच्या अशाच खेळांतून बालबुद्धीच्या विकासाचा सिद्धान्त उभा केला. चमचा दहाव्यांदा उचलताना हे आठवले म्हणजे कंबरदुखी थोडी कमी जाणवते.

संक्रांतीनंतर आपल्याकडे बाळाचे बोरन्हाण करतात. हलव्याचे दागिने, काळे झबले आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे यांचा वर्षाव. सोहळा अत्यंत गोड आहे आणि तो व्हावाच. परंतु सात-आठ महिन्यांच्या बाळाला खाली पडलेली प्रत्येक वस्तू मुखात घालावयाची असते, आणि बोराची बी व हरभऱ्याचा दाणा श्वासमार्गात अडकण्यास पुरेसा असतो. आम्ही कन्येच्या वेळी चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या घेतल्या. बोरे जमलेल्या मोठ्या मुलांच्या हातात दिली आणि सोहळा होताच बाळाची जागा लगेच झाडून घेतली. चरकाचार्यांचा ‘मुखात न जाणारे’ हा दंडक सणालाही लागू करावा, असे आपण आपल्या रुग्णपरिवारास अवश्य सांगावे.

पहिला शब्द

चार्ल्स डार्विन यांनी १८३९ साली जन्मलेल्या आपल्या विल्यम या ज्येष्ठ पुत्राच्या वर्तनाची टिपणे ठेवली होती. ती १८७७ साली ‘माइंड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. बरोबर एक वर्षाचा झाला तेव्हा त्या मुलाने अन्नासाठी ‘मम्’ असा शब्द स्वतःच तयार केला, अशी नोंद त्यात आहे. आपल्या मराठी घरांत तर अन्नाला ‘मंमं’ हा शब्द पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे! आईनेच बाळाला शिकविलेला हा शब्द मुळात कोणा बाळानेच आईला शिकविला असेल काय, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आमच्या कन्येनेही ‘मंमं’ म्हटले, पण तो तिचा पहिला शब्द नव्हे. वैशाखात वळवाची पहिली सर पत्र्यावर कोसळली. ही वाटी टाकून स्तब्ध झाली, बोट वर केले आणि म्हणाली, “धड्!” तेव्हापासून पाऊस म्हणजे ‘धड्’, नळ म्हणजे ‘धड्’, आणि स्नानाची हाकही ‘धड्’. सात-आठ महिने न ऐकलेला तो आवाज तिला आठवला असेल की नव्याने आवडला असेल, हे तीच जाणे.

‘शांत’ बाळ

आतापर्यंत रडणाऱ्या आणि बडबडणाऱ्या बाळाचे कौतुक झाले. आता थोडे गंभीर होऊन न रडणाऱ्या बाळाविषयी लिहिणे प्राप्त आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक माता कामावर जाताना अर्भकाला अफूयुक्त ‘बाळगोळी’ देत असत. दिवसभर बाळ शांत राही. ते निजलेले आहे, भुकेलेले आहे की आजारी आहे, हे सांगण्याचे त्याचे एकमेव साधन काढून घेतले जाई. त्या मातांना दोष देता येणार नाही. पोटासाठी त्यांना जावेच लागे. आज अफूवर कायद्याचे नियंत्रण आहे. १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये अहिफेनाचा समावेश आहे. परंतु ‘बाळ शांत राहावे’ ही निकड संपलेली नाही. आमच्या तालुक्यात आषाढात लावणीच्या वेळी बांधावरच्या झोळीत बाळ ठेवून माता भातखाचरात उतरतात. पिरंगुटच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत जाणाऱ्या मातांची घाई निराळी, पण निकड तीच. २०१७ च्या कायद्यातील सुधारणेने नोकरदार मातेस २६ आठवड्यांची प्रसूतिरजा मिळाली. खाचरातील मातेस ती कोण देणार? मग कोणी बाळापुढे मोबाईल धरतो, तर कोणी औषधालयात येऊन म्हणतो, “बाळ फार रडते, झोपेल असे काहीतरी द्या.”

घुटीविषयी येथे स्पष्ट लिहावयास हवे. जायफळाने बाळ झोपते हा घराघरांतील अनुभव आहे. म्हणूनच त्याचा वेढा एकाचे तीन कधी होतात हे कळत नाही, आणि अधिक मात्रेत ते अपायकारक आहे. सहाणेवर किती द्रव्य उतरले याचे मोजमाप नसते; सहाण आणि पाणी यांची स्वच्छता पावसाळ्यात विशेष संशयास्पद असते. पहिले सहा महिने निव्वळ मातेचे दूध द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची २००१ पासूनची शिफारस आहे. क्षीरप अवस्थेची आपली कल्पना त्याला पोषकच आहे.

मधाबाबतही तसेच. मधु-घृत प्राशनाची परंपरा आपणा सर्वांस पूज्य आहे. तथापि १९७६ साली अर्भकांतील बोटुलिझम हा व्याधी प्रथम ओळखला गेला आणि मधातील जीवाणूंची बीजे हे त्याचे एक कारण असल्याचे पुढे सिद्ध झाले. एक वर्षापर्यंतच्या बाळाला मध देऊ नये, ही आज सर्वमान्य दक्षता आहे. या व्याधीची लक्षणे पाहा : मलावरोध, चोखण्यात दुबळेपणा, रडण्याचा आवाज क्षीण होणे, अंग सैल पडणे. घरच्यांना ते बाळ ‘गुणी’ झाल्यासारखे वाटू शकते. हे नेहमीचे रडणे नव्हे, हे ओळखणारी माताच असते.

चिकित्सालयात व औषधालयात

यजमानांच्या औषधालयात एक नियम ठेवला आहे. एक वर्षाखालील बाळासाठी कोणी झोपेचे, पोटाचे अथवा रडण्याचे औषध मागितले तर बाटली काढण्यापूर्वी चार गोष्टी विचारावयाच्या. बाळाचे वय किती? आज दूध नेहमीइतके घेतले का? आज लघवी नेहमीइतकी झाली का? आणि आजचे रडणे नेहमीचेच आहे की निराळे? या चौथ्या प्रश्नापाशी माता हमखास थबकते, विचार करते आणि मग जे सांगते ते बहुधा सर्वांत महत्त्वाचे असते. उत्तर समाधानकारक नसेल तर औषध न देता वैद्याकडे पाठवावयाचे. एका बाटलीची विक्री बुडते हे खरे. परंतु ज्या घराला आपण वेळेवर योग्य ठिकाणी पाठविले, ते घर पुढे वर्षानुवर्षे आपल्याकडेच येते, हेही औषधविक्रेते बंधुभगिनींना अनुभवाने ठाऊक असेल.

पुढील लक्षणे असतील तर चिकित्सालयातही वेळ दवडू नये : बाळ दूध घेत नाही, सुस्त पडले आहे किंवा जागे करूनही जागे होत नाही, झटके आले, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, दोन महिन्यांखालील बाळाला ताप आहे किंवा त्याचे अंग गार पडले आहे. शांत असलेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक आणि दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा अधिक श्वास असल्यास बाळाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. दुर्गम वाडीवरून येणाऱ्यांना १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची माहिती आधीच देऊन ठेवावी. ताम्हिणीच्या पावसात ऐनवेळी सारेच सुचते असे नाही.

व्यवसायबंधूंना शेवटची सूचना अशी की, बाळ निरोगी असताना, लसीकरणाच्या किंवा उष्टावणाच्या निमित्ताने भेटले, तर रुग्णपत्रिकेवर ‘नेहमीचे’ या शीर्षकाखाली पाच ओळी लिहून ठेवाव्यात. झोप कशी येते, भूक कशी सांगते, रडणे किती प्रकारचे, नवीन माणसाशी कसे वागते, आणि एखादी तिची स्वतःची खास लकब. आमच्या कन्येच्या पत्रिकेवर ‘झोप आली की उजवा कान चोळते, पावसात झोपते’ असे लिहिले आहे. या पाच ओळी लिहावयास पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि माता त्या आनंदाने सांगते, कारण तिला आजवर हे कोणी विचारलेलेच नसते. पुढे एखाद्या रात्री तीच माता दारात उभी राहून “काय होतेय ते सांगता येत नाही, पण आज नेहमीसारखे नाही,” एवढेच म्हणाली, तर ते वाक्य तक्रारींच्या रकान्यात जसेच्या तसे उतरवून घ्यावे आणि तेथूनच परीक्षेस आरंभ करावा.